राघूचा गळा बसला

लग्न होऊन मी कल्याणला आले तेव्हा त्या घरात मला पहिली हाक मारली ती राघूने. माप ओलांडून आत पाय टाकला आणि पडवीतून आवाज आला, "आली का गं?" कोणी वडीलधारी बाई विचारते आहे असं वाटून मी मान आणखीच खाली घातली. सगळ्याजणी हसल्या. तो आवाज हुबेहूब माझ्या नणंदेचा होता आणि ती स्वतः त्या वेळी माजघराच्या दाराआड उभी होती. नव्या सुनेसमोर तिने यायचं नव्हतं.

ही नणंद म्हणजे यांची थोरली बहीण. मी त्यांना वन्सं म्हणत असे. परकर नेसायच्या वयात त्यांचं लग्न झालं आणि लुगडं नेसायला लागायच्या आत कुंकू पुसलं गेलं. तेव्हापासून त्या माहेरीच होत्या. पहाटेपासून चूल त्यांच्या अंगावर, आणि चुलीतून जो वेळ सुटेल तो राघूंचा.

राघू दोन होते. थोरला खांद्यावर तांबडा डाग असलेला, जाड चोचीचा आणि अखंड बोलणारा. धाकटा वादळात घरट्यातून पडलेला होता. वन्संनी त्याला पिठाच्या गोळ्या भरवून जगवलं होतं. त्याला बोलता येत नसे, शीळ मात्र सुरेख घाली.

लोकांच्या घरचे राघू मी पाहिले होते. वाटीत भिजवलेली डाळ, एक हिरवी मिरची, आणि आल्यागेल्याने "राघू, बोल" म्हणून टोचायचं. वन्संचं तसं नव्हतं. त्या म्हणायच्या, "अगं, नुसता बसवून ठेवलेला जीव स्वतःचीच पिसं उपटत बसतो. चोचीला काम पाहिजे." सकाळी पिंजरा धुऊन झाला की त्या आत ताजी डहाळी बांधत, कधी पेरूची, कधी जांभळाची. मानपाड्याकडून भाजी घेऊन येणारी एक आगरीण त्यांच्यासाठी डहाळ्या आणायची. मागच्या दाराशी टोपली उतरवून हाक मारायची, "बाय, राघूला फांदी हानली गो. किडकी नाय, बघ." मक्याच्या सालीत भुईमुगाची शेंग गुंडाळून ती पुडी वन्सं पिंजऱ्यात खोचून ठेवत, म्हणजे खायचं असेल तर आधी सोडवावं लागे. करवंटीला भोकं पाडून त्यात चिंचेची बोटकं अडकवत. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे तुकडे टांगून ठेवत. ते दोघे मिळून त्याचा दिवसभरात भुगा करत. काल दिलेली गोष्ट आज द्यायची नाही, हा नेम. दुपारी पडवीची दारं लावून पिंजरा उघडत आणि दोघांना आढ्याला बांधलेल्या काथ्यावर चढू-उतरू देत.

आणि दुसरा नेम असा की, राघूला द्यायची प्रत्येक वस्तू त्या आधी स्वतःच्या दाताखाली धरून पाहत. कडू लागली, जिभेला रंग लागला, कूस निघाली, की ती वस्तू चुलीत. मी येण्याच्या आधी एक राघू त्यांच्या हातून गेला होता. कोणीतरी हौसेने पिंजऱ्याला पितळी घुंगरू बांधलं होतं. त्याने ते चोचीने उकललं आणि आतला खडा गिळला. तेव्हापासून पितळ नाही, काच नाही, रंगवलेलं काही नाही. सुती दोरासुद्धा नाही, कारण त्याचा पायाला वेढा बसतो. काथ्याच, तोही आखूड आणि गाठ मारलेला. मला आधी हे सगळं सोवळ्याचंच एक जास्तीचं कलम वाटायचं. पण पुढे मला मुलगी झाली, ठाण्याहून माहेरचं बाळंतपण आटपून मी तिला घेऊन आले, आणि पाहते तर वन्संनी पाळण्यावर टांगायला पांगाऱ्याच्या मण्यांची माळ करून ठेवलेली. एकेक मणी त्यांनी तोंडात धरून पाहिलेला होता. सुतारकामातल्या उरल्या तुकड्याचा एक लाकडी राघूही होता, बिनरंगाचा, कानस मारून गुळगुळीत केलेला. मुलगी रांगायला लागली, दात शिवशिवायला लागले, तेव्हा तो राघू सतत तिच्या तोंडात असे.

त्या वर्षी दिवाळी संपली आणि आमच्या आळीत लहान मुलांना ताप येऊ लागले. मागच्या बाजूच्या घरात एक मूल गेलं. मग भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातलं तान्हं आजारी पडलं. ते रडायचं ते मोठ्याने नाही. एक बारीक, चिरका स्वर, मध्येच थांबलेला श्वास, आणि पुन्हा तोच स्वर. भिंतीतून तो आमच्या पडवीत ऐकू यायचा. मी मुलीला घेऊन माजघरात बसे, तरी ऐकू येई. सासूबाई जपमाळ घेऊन बसत, पण मणी पुढे सरकत नसत. त्यांनी स्वतःची कितीतरी लेकरं अशीच पुरली होती. वन्सं आणि हे, एवढे दोघेच राहिले होते.

एका संध्याकाळी ते रडणं थांबलं. बायका शेजारी धावल्या. काय झालं ते सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला न्हाऊ घालत होते आणि पडवीतून ते रडणं पुन्हा सुरू झालं. तोच चिरका स्वर, तोच थांबलेला श्वास. माझ्या हातातला तांब्या निसटला. सासूबाई देवघरातून बाहेर आल्या आणि जागीच खिळल्या. राघू दांडीवर मान वाकडी करून बसला होता आणि मेलेल्या मुलाच्या आवाजात रडत होता.

इतक्यात पुढचं दार वाजलं. शेजारची ती आई दारात उभी होती. केस सुटलेले, डोळे कोरडे. आवाज कुठून येतो आहे तेवढं तिने पाहिलं आणि भिंतीला धरून खाली बसली. तिच्या घरच्या बायकांनी तिला उचलून परत नेलं.

वन्संनी पिंजऱ्यावर धडपा टाकला. सासूबाई पिंजऱ्यापासून मागे सरल्या.

"हे पाखरू घरात नको," त्या म्हणाल्या. "आज त्याचं रडणं शिकलं, उद्या कोणाचं शिकेल?"

"आई, त्याला काय कळतं? कानावर पडलं ते बोललं."

"खाडीपलीकडे नेऊन सोड म्हणते ना मी!"

"त्याला उडता येत नाही गं. संध्याकाळच्या आत कावळे फाडतील." वन्सं त्यांच्या पायाशी बसल्या. मी त्यांना कोणापुढे काही मागताना पाहिलं ते तेवढंच.

संध्याकाळी हे स्टेशनवरून आले. मालाच्या कचेरीत नोकरी होती यांची. त्यांनी दोघींचं ऐकून घेतलं आणि राघू राहू दे म्हणाले. सासूबाई मुलासमोर जास्त बोलल्या नाहीत. पण शनिवारी त्या गावाबाहेरच्या मारुतीला जाऊन आल्या त्या द्रोणभर शेंदूर आणि तेल घेऊनच. त्यांनी पिंजऱ्याच्या काड्या माखल्या, बसायची दांडी माखली, करवंटी माखली, पांगाऱ्याचे तुकडे माखले. मग त्या पाळण्याकडे वळल्या. पाळण्याचे खूर, कठडा, मण्यांची माळ, आणि तो लाकडी राघूसुद्धा. सगळं तांबडंलाल. मुलगी त्या रंगाकडे पाहून हसली आणि हात पसरले.

वन्सं सवयीने पुढे झाल्या होत्या. त्यांनी दांडीला हात लावायला आणि सासूबाईंनी ओरडायला एकच गाठ पडली. "तू शिवू नकोस! देवाचं आहे ते. तुझा हात लागला तर उपयोग काय त्याचा?"

वन्संनी हात मागे घेतला. मी घरात आल्यापासून राघूच्या आणि बाळाच्या वाट्याला आलेली, त्यांनी दातांखाली न धरलेली ही पहिलीच वस्तू होती. त्या दिवशी हे माझ्या मनातही आलं नाही. माझं तान्हं पाळण्यात होतं, शेजारचा पाळणा सोडून माळ्यावर टाकला होता, आणि मारुती राखणीला आला याचं मला बरंच वाटलं.

आणि गुण आल्यासारखं झालंही. राघूने ते रडणं सोडलं. आधी ते कमी झालं, मग आठवड्याभरात थांबलं. सासूबाईंचा चेहरा उजळला. "बघा, तोंड बंद केलं की नाही त्याचं," त्या आल्यागेल्या बाईला सांगत. आळीत ते पसरायला वेळ लागला नाही. भ्यालेल्या आया द्रोण घेऊन मारुतीला जाऊ लागल्या. संध्याकाळी दारं उघडी असली की घराघरातला पाळणा तांबडा दिसे. सासूबाई स्वतः जाऊन कोणाकोणाला कसं माखायचं ते दाखवून आल्या. आमच्याकडे तर दर शनिवारी नवा हात फिरे. राघूंनी कुरतडून लाकूड पांढरं केलेलं असे, तिथे आणखी जाड.

राघू गप्प झाला तो मात्र सगळ्याच बाबतीत. सकाळी "उठा, उठा" म्हणायचा, ते गेलं. माझ्या नावाची हाक गेली. वन्सं पिंजऱ्याशी बसून "आली का गं?" म्हणत, तो चोच उघडे, घसा हले, आणि आतून नुसती खरखर येई, कानस घासल्यासारखी. शेंगेची पुडी तो सोडवीनासा झाला. त्याची विष्ठा गर्द हिरवी आणि पाण्यासारखी पडू लागली. धाकट्याची शीळही मधेच तुटायची.

"थंडीने गळा बसला असेल," मी म्हणाले.

"थंडी दर वर्षी असते," वन्सं म्हणाल्या. मी पाहिलं, त्या पिंजऱ्यातली एकेक गोष्ट नजरेने चाचपत होत्या. डाळ तीच, पेरू तोच, डहाळी तीच.

मग माझी मुलगी चिडचिडी झाली. दूध पिऊन ओकून टाकी. पोट दगडासारखं लागे. पाय पोटाशी घेऊन कळवळायची. रांगणारं मूल ते, बसल्या जागी बसून राहू लागलं. गालांवरचा रंग गेला. हातात तेवढा तो लाकडी राघू असे, आणि ओठांच्या कोपऱ्यात तांबडी लाळ. मी पदराने पुसायची. पदराला शेंदराचे डाग पडलेले असत, आणि ते धुवायचेही नाहीत असं सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं. त्यांनी शनिवारची वाट न पाहता आणखी शेंदूर आणवला.

त्याच सुमारास एका दुपारी थोरला राघू दांडीवरून खाली पडला. पंख पसरून तळाशी पडून राहिला, पायाची बोटं आखडलेली. वन्संनी त्याला ओंजळीत घेतलं तेव्हा त्याने मान उचलायचा प्रयत्न केला, पण ती एका बाजूला वळत गेली. पाळण्यातून मुलीचं कण्हणं येत होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे दोन्ही आजार एकाच वाटेने आले आहेत. कोणत्या वाटेने, ते मात्र सुचेना.

हे ठाण्याहून एका वृद्ध वैद्यांना गाडीने घेऊन आले. त्यांनी मुलीची जीभ पाहिली, हिरड्या पाहिल्या, पोट दाबून पाहिलं. मग विचारलं, "हिच्या तोंडात काय जातं?"

"आईचं दूध, मऊ भात," सासूबाई म्हणाल्या.

"खाण्याचं नाही विचारत. तोंडात काय घालते?"

"घालतात मुलं काहीबाही. घरातलंच असतं."

वैद्यांनी दूध, तूप आणि कसलंसं चूर्ण सांगितलं आणि पुढच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठले. पाळणा माजघरात होता आणि मुलीला ओटीवर आणून दाखवलं होतं, तेव्हा तो तांबडा कठडा आणि पाळण्यातच राहिलेला लाकडी राघू त्यांच्या दृष्टीला पडलेच नाहीत.

पण दाराआड वन्सं उभ्या होत्या. वैद्य गेल्यावर त्या बाहेर आल्या त्या थेट पाळण्यापाशी. मुलीच्या हातातला लाकडी राघू त्यांनी काढून घेतला. त्याची चोच आणि डोकं चोखून चोखून पांढरं झालं होतं, मानेच्या खाली शेंदराची पुटं होती.

"शिवू नकोस म्हटलं ना!" सासूबाई ओरडल्या.

"आई," वन्सं हळू आवाजात म्हणाल्या, "मी लहान असताना आपल्याकडे एक हरिदास उतरायचे. आठवतात?"

"त्यांचं काय आता?"

"त्यांचा गळा गेला होता. कीर्तनाला उभे राहिले की नुसती खरखर. तूच मला सांगितलं होतंस, कोणा दावेदाराने विड्यातून शेंदूर घातला म्हणून."

सासूबाईंची नजर पिंजऱ्याकडे गेली.

"राघूचा गळा कसा बसला ते सांग मला."

"हा देवाचा शेंदूर आहे! तो कसा बाधेल?"

वन्संनी तो लाकडी राघू त्यांच्यापुढे धरला. "मग तू हा तोंडात धर. अंमळ चोख. मी आजवर यांना दिलेली एकेक वस्तू तोंडात धरली आहे. ही तेवढी तू मला धरू दिली नाहीस. तू धर."

"देवाचं उष्टं करू? तोंडात कसं घालू मी ते?"

"पोर दिवसभर घालते आहे, आई."

सासूबाईंनी त्या खेळण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, मी काय म्हणते याची त्या वाट पाहत होत्या. त्या घरात मी तोवर त्यांच्यासमोर तोंड उघडलं नव्हतं. मी उठले, पाळण्यावरची माळ तोडली, आणि वन्संना म्हटलं, "चिंच आणि राख आणते. तुम्ही कठडा धरा."

आम्ही दोघींनी ती सबंध दुपार पाळणा घासला. तांबडं पाणी परसात जायला नको म्हणून पोत्याने टिपून घेतलं. रंग लाकडात मुरला होता, चिरांतून निघेना. शेवटी कठडाच उखडला. पिंजऱ्यातली दांडी, करवंटी, लाकडं सगळी काढली. त्याचा धूर घरात भरेल म्हणून वन्संनी चुलीत घालू दिलं नाही. खोल खड्डा खणून पुरलं. सासूबाई देवघरात पाठ करून बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला अडवलं नाही. संध्याकाळी हे आले आणि मोडका पाळणा पाहून चकित झाले. मी सगळं सांगितलं. ते मुलीजवळ बसले आणि म्हणाले, "शेंदूर शिशापासून करतात. कचेरीत पिंपं येतात त्याची. मला माहीत होतं हे."

थोरला राघू वाचला नाही. दोन दिवस वन्संच्या मांडीवर होता. त्या बोटाने दुधाचे थेंब देत, ते चोचीतून बाहेर ओघळत. गेला तेव्हा त्याला आकडी आली होती. धाकटा टिकला, पण त्याचा एक पाय कायमचा आखडला. वन्संनी त्याच्यासाठी सपाट फळी केली, कारण गोल दांडी त्याला धरता येईना. माझ्या मुलीच्या पोटातली कळ आधी थांबली, मग ओकाऱ्या. पुन्हा रांगायला तिने शिमग्यापर्यंत वेळ लावला. त्या दिवसांत ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून बसायची.

आळीतले पाळणे मात्र अजून तांबडेच होते. वन्सं कोणाच्या घरात जाऊन सांगू शकत नव्हत्या. विधवेने येऊन देवाचा शेंदूर पुसायला सांगितला असता तर लोकांनी दगड मारले असते. मी नवी सून, माझं कोण ऐकणार? एके दिवशी सकाळी सासूबाईच उठल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर."

त्या दारोदार गेल्या. प्रत्येक घरी एकच सांगत, "मी सांगितलं ते चुकलं. पोराच्या तोंडात जाईल असं काही माखू नका. पाळण्याचं धुऊन टाका." कोणी ऐकलं, कोणी नाही. एक म्हातारी म्हणाली, "देव बदलला का तुमचा?" सासूबाई पुढच्या दाराशी गेल्या.

आळीच्या टोकाला एक घर होतं. तिथे त्यांनी स्वतःच्या हाताने पाळणा माखून दिला होता, हे मला वाटेत कळलं. दारात गेलो तर ओटीवर पुरुष बसलेले. आत पाळणा उतरवून भिंतीला लावला होता. मूल आदल्या दिवशी गेलं होतं.

तापाने गेलं असेल. त्या वर्षी ताप होताच. त्याच्या पोटात कळ होती का, हिरड्या कशा होत्या, हे सासूबाईंनी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या आत जाऊन त्या आईजवळ बसल्या, तिचा हात हातात घेतला. बऱ्याच वेळाने उठल्या. जे सांगायला आल्या होत्या ते त्यांनी त्या घरी सांगितलं नाही. परतताना खाडीच्या रस्त्याला त्या एकदम थांबल्या, आणि मी त्यांना एका धक्क्याच्या दगडावर बसवलं. भरती चढत होती. आम्ही तिथे बसून राहिलो आणि त्या स्वतःच्या तळहातांकडे पाहत राहिल्या.

त्यांनी मारुतीला जाणं सोडलं नाही. पण शनिवारी परत आल्या की मागच्या दारी बसून राखेने हात घासत, कातडी लाल होईपर्यंत, आणि मगच मुलीला घेत.

वन्संकडे पुढे बायका खेळणी पाठवू लागल्या, जत्रेतली, रंगाची, घुंगरांची, हे पोराला द्यावं का ते पाहायला. वन्सं पाहून सांगत. ज्या घरी बारसं असे तिथलं आमंत्रण मात्र पुढच्या दाराने येई, ते सासूबाईंना आणि मला. खेळणी मागच्या दाराने येत.